‘दिसली का, सर?’

मी थापाड्या माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी संपादकांना पत्र लिहायला नको. नशिराबादच्या एका गृहस्थाच्या मानेतली गाठ माझ्या पहिल्या कथनात लिंबाएवढी होती. दिवाळीपर्यंत ती भरताच्या वांग्याएवढी झाली आणि आता लग्नाच्या पंगतीत बसलो की तिला काटेरी देठसुद्धा फुटतो. यावलच्या एका केळीवाल्या भाऊंची गाठ ट्रेमध्ये मावेना म्हणून बांधकामावरून घमेलं मागवलं, असं मी निम्म्या खानदेशला सांगितलं आहे. घमेलं नव्हतं, ट्रेच होता. पण ट्रे मोठा होता, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. आमच्या घरात माझ्या कुठल्याही आकड्याला आधी दोनने भागतात आणि मग पाहुण्यांना चहा देतात.

पण एक शब्द मी कधी फुगवला नाही, वाकवला नाही, उगाच उच्चारलाही नाही. तो शब्द म्हणजे ‘दिसली’. जळगावात माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे (बारा. बरं, बारा), आणि मी गळ्याच्या गाठी काढतो. त्या कामात या शब्दावर माणसाचा आवाज टांगलेला असतो. जन्मात एकदाच मी तो खोटा बोललो. आज तेच सांगायचं आहे आणि यात मसाला घालायची मला हिंमत नाही.

आधी धंदा समजून घ्या. गळ्यात श्वासनळीच्या दोन्ही अंगांना थायरॉइड नावाची ग्रंथी असते, गाढवाच्या पाठीवर दोन बाजूंना गोण्या टाकाव्यात तशी. तिच्यात गाठी झाल्या, किंवा सुईच्या तपासणीत काही भलतं निघालं, की ती काढावी लागते. काढणं अवघड नाही. अवघड आहे ते तिच्या मागून जाणारी नस वाचवणं. नस म्हणजे रक्ताची नव्हे, आवाजाची. जाडीला शिवणाच्या दोऱ्यापेक्षा जरा जास्त, रंगाने पांढुरकी, एका बाजूला एक. एक कापली तर माणूस उरलेला जन्म घोगरा फुसफुसतो. दोन्ही कापल्या तर श्वासच अडतो आणि गळ्याला भोक पाडावं लागतं.

आणि ही बया जाते कशी पाहा. मेंदूतून निघते, मानेत स्वरयंत्राच्या शेजारून खाली येते, पण तिथे थांबत नाही. आणखी खाली जाते, एका मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि मग त्याच वाटेने परत वर येऊन स्वरयंत्रात शिरते. जळगावहून नशिराबादला निघालेल्या माणसाला आधी धुळ्याला नेऊन परत आणावं, तसला प्रकार. देवाने हा मार्ग कुणाच्या सल्ल्याने आखला, ठाऊक नाही.

म्हणून तिचा पत्ता पाठ करावा लागतो. श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामधली खाच, हा तिचा हमरस्ता. तिथे एक रक्तवाहिनी आडवी येते, तो चौक. नस कधी तिच्या वरून जाते, कधी खालून. पुढे ग्रंथीच्या पाठीवर वाटाण्याएवढा उंचवटा असतो, नस बहुतेक त्याच्या आडोशाला सापडते. आणि शेवटी स्वरयंत्राच्या कूर्चेचं खाली आलेलं टोक, लहानशा शिंगासारखं. त्याच्याखालून ती आत जाते. ते तिचं दार.

हा पत्ता मला धुळ्यात आमच्या सरांनी शिकवला. सर बोलायला कडक आणि हाताला लोण्यासारखे मऊ. त्यांच्या उमेदीत त्यांच्या हातून एका शाळामास्तरांची नस गेली होती. त्या मास्तरांनी पुढची सगळी नोकरी फळ्यावर छडी आपटून काढली. सर हे कधी लपवत नसत. दर नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगत, आणि मग आपला नियम सांगत. ग्रंथीच्या मागच्या बाजूला काहीही बांधायचं किंवा कापायचं असेल, तर धागा सिस्टरच्या हातात राहील. डॉक्टरने धागा मागितला की सिस्टर विचारणार, “दिसली का, सर?” डॉक्टर “दिसली” म्हणेल तेव्हाच धागा मिळेल. नाही म्हणाला, तर सिस्टर हात मागे घेणार, मग समोर साक्षात सर का असेनात.

मी जळगावला आलो तेव्हा हा नियम बरोबर आणला आणि यमुना सिस्टरला शिकवला. यमुना सिस्टर पारोळ्याकडच्या. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि शहाणपणाने चाळीस वर्षांनी मोठ्या. त्यांनी तो नियम असा धरला की एकदा थिएटरात छताचा पोपडा पडला, आम्ही सगळे दचकलो, आणि त्या गोंधळात मी धागा मागितला तर वर न बघता त्यांनी विचारलं, “दिसली का, सर?” (पोपडा खरा आहे. हवं तर छत दाखवतो.)

आता इंदूताई.

दर बुधवारी मी धुळ्याला मित्राच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला जातो, ते एसटीच्या लाल गाडीने. स्वतःची मोटार नेत नाही, कारण आमच्या हायवेवर दोन तास स्टिअरिंग धरलं की बोटं पुढचे चार तास आपोआप खड्डे चुकवत राहतात, आणि गळ्यात ते परवडत नाही. वाटेत गाडी पारोळ्याच्या स्टँडवर थांबते. तिथे गेली कित्येक वर्षं एक आवाज होता. “जळगावहून आलेली धुळ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे.” एवढंच वाक्य, पण असं खणखणीत की झोपलेला माणूस बरोबर आपल्याच गाडीला जागा व्हायचा. आणि लाइट गेली, माइक मेला, की खरी मजा. मग ती बाई फलाटावर येऊन उभी राहायची आणि मोकळ्या गळ्याने हाक द्यायची, “धुळे ऽ ऽ! चला धुळे ऽ ऽ!” शेवटचा सूर असा वर चढायचा की किल्ल्यावरची कबुतरं उडायची आणि सुटलेली गाडी गेटातून परत यायची. ही थाप नाही. मी त्या गाडीत होतो.

तर एका सकाळी माझ्या ओपीडीच्या बाहेरून आवाज आला, “नंबर किती चालू शे?” आणि मी खुर्चीतून उठलोच. चेहरा कधी नीट पाहिला नव्हता. ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई, मानेत उजवीकडे कवठाएवढी गाठ. (बोराएवढी. मोठं बोर.) बरोबर यजमान, आप्पा, इतके शांत की त्यांची खुर्चीसुद्धा वाजत नव्हती.

सोनोग्राफीत दोन्हीकडे गाठी होत्या, आणि उजव्या गाठीची सुईची तपासणी संशयाची निघाली. पूर्ण ग्रंथी काढणं भाग होतं. मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, माले एकच सांगा. आवाज राही ना?”

“राहील.”

“नक्की?”

“ताई, आजवर मी हजार गळे उघडलेत. एकाचा आवाज गेला असेल तर नाव बदलेन.” आकडा मी तिप्पट केला होता.

इंदूताई हसल्या नाहीत. “आकडा नका सांगू, डॉक्टर. मीबी दररोज सांगस, गाडी पाच मिनिटमा यी ऱ्हायनी.”

यमुना सिस्टर वजनकाट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलताना मला दिसले.

“दोन वर्सं ऱ्हायनात नोकरीनी,” इंदूताई म्हणाल्या. “आवाज गया तर माइक दुसराकडे जाई आनि माले मांगली खोलीमा कागद लावाले बसाडतीन. ती दोन वर्सं माले माइकवरच काढनी शेत.”

आप्पा पहिल्यांदाच बोलले. “थोडासा कमी व्हयना तरी चाली.”

ताईंनी नुसतं पाहिलं. आप्पा परत खुर्चीइतके गप्प झाले. पण निघताना त्यांनी मला दाराशी गाठलं. “डॉक्टर, मी गंमत करी ऱ्हायंतू. सांजले ती घर येस ना, गल्लीना तोंडपाइनच आवाज देस. तो आवाज उना का मी चहा ठेवस. तेवढं ध्यानमा ठेवा.”

त्याच दिवशी इंदूताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. “भाकर खाताना घास अटकस. पुढे नही, मांगे अटकस. पाठकडे.” मी म्हणालो, “गाठीचा दाब आहे, कुस्करून खा.” हे मी सगळ्यांनाच सांगतो. खानदेशात गळ्याला गाठ असलेला प्रत्येक माणूस भाकरी अडकते म्हणतो, कारण आमची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी गाठ नसलेल्या माणसालाही अडकते. केसपेपरवर मी साहेबी मराठीत लिहिलं, ‘गिळताना त्रास’. त्या दोन शब्दांत खानदेशातल्या सगळ्या तक्रारी बसतात. ‘मागे’ हा शब्द त्यात बसला नाही, म्हणून मी तो गाळला.

ऑपरेशन सकाळी साडेआठला. भूल द्यायला आमचे नाना. नानांचा हात इतका हलका की पेशंट झोपायच्या आधी तेच जांभई देतात. मी खुशीत होतो. आदल्या दिवशी फोनवर धुळ्याच्या मित्राला सांगून मोकळा झालो होतो, “पारोळ्याचा आवाज आपल्या हातात आहे. साडेदहाला नाश्ता.”

आधी उजवी बाजू. कातडी, मग स्नायू बाजूला, मग ग्रंथी. वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या एकेक करून ग्रंथीला चिकटून बांधल्या. पाखी, म्हणजे ग्रंथीची त्या बाजूची गोणी, उचलून आतल्या अंगाला कलती केली, मागची बाजू उघडी केली आणि खाचेत नस शोधायला लागलो.

नस नव्हती.

चौकात पाहिलं. आडवी रक्तवाहिनी होती, तिच्या वर नस नाही, खाली नाही. आणखी खाली उतरलो, नाही. उंचवट्याचा आडोसा तपासला. रिकामा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या हिशेबाने तास झाला, भिंतीवरच्या घड्याळाने बारा मिनिटं. एक बारीक शीर फुटली, खाच रक्ताने भरली, सक्शन लावलं, पुसलं, पुन्हा भरली.

“काय झालं?” डोक्याकडून नाना म्हणाले. त्यांची जांभई थांबली होती.

“काही नाही.”

नस न दिसणं म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. ती दोन ठिकाणी असू शकते. जिथे तुम्ही अजून पाहिलं नाही तिथे, किंवा जे तुम्ही पाच मिनिटांपूर्वी बाजूला सारलं त्यात. दुसरी शक्यता मनात आली की हाताला घाम फुटतो आणि हातमोज्यात तो जिरतही नाही.

आणि तेव्हा खाचेच्या तळाशी एक पांढुरकी तार दिसली. बारीक होती, जरा जास्तच बारीक. पण मला ती हवी होती, म्हणून ती मला पटली. दुसरीकडे, मानेच्या मोठ्या रक्तवाहिनीच्या बाजूने एक दोरीसारखं काही आडवं येऊन सरळ स्वरयंत्राकडे जात होतं. ते मला रक्तवाहिनीची फांदी वाटलं. ती बांधली की पाखी मोकळी होणार आणि हा सगळा छळ संपणार. तिच्याखालून मी आर्टरीचं टोक सरकवलं. आर्टरी म्हणजे आमचा चिमटा, कात्रीसारखा, दाबला की दात कट्‌कन बसतात. अजून दाबला नव्हता.

“धागा,” मी हात पुढे केला.

“दिसली का, सर?”

“दिसली.”

शब्द तोंडातून असा सहज गेला, जशी घमेल्याची गोष्ट जाते.

हातावर धागा आला नाही. मी वर पाहिलं. मास्कच्या वर यमुना सिस्टरचे डोळे माझ्यावर होते. इतक्या वर्षांत त्यांनी दुसरा प्रश्न कधी विचारला नव्हता.

“मला दाखवा,” त्या म्हणाल्या.

“सिस्टर, धागा.”

“दाखवा ना, सर.”

नाना उभे राहिले. मला राग आला. तुम्हाला सांगतो, तो राग सिस्टरवर नव्हता. मी उजव्या हातातल्या दुसऱ्या चिमट्याच्या टोकाने खाचेतली ती पांढरी तार दाखवली. “ही काय.” आणि दाखवता दाखवता ती टोकाला लागून सुटून वर आली. नुसता तंतू होता. केळीच्या सोपटाचा निघतो ना, तसा.

माझा डावा हात आर्टरीवर होता. पुढे जे होणार होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. पारोळ्याचा स्टँड, काचेच्या मागे दुसरंच कुणीतरी माइकवर, मागच्या खोलीत कागद लावत बसलेली बाई, आणि गल्लीच्या तोंडाकडे कान लावून बसलेले आप्पा.

मग यमुना सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, ताई तर म्हणे, घास मांगे अटकस. पाठकडे. तुम्ही कागदावर ‘मागे’ लिहिलंच नाही.”

एवढंच. पण माझ्या डोक्यात एकदम लाइट आली.

फार थोड्या माणसांत असं असतं की उजव्या हाताची मोठी रक्तवाहिनी भलत्याच जागी जन्मते आणि अन्ननळीच्या मागून हाताकडे जाते. जाता जाता अन्ननळीला मागून दाबते. घास अडकतो तो गाठीपाशी नाही, पाठकडे. आणि उजवी नस वळसा घालते ती नेमक्या याच रक्तवाहिनीला. ती जागेवर नसेल तर नस वळसा कशाला घालेल? ती खाली उतरतच नाही. वरूनच आडवी येऊन सरळ स्वरयंत्रात शिरते. पारोळ्याच्या स्टँडवर न येता बायपासने निघून गेलेल्या गाडीसारखी. आणि मी बारा मिनिटं फलाटावर उभा राहून तिची वाट बघत होतो.

मग माझ्या आर्टरीवर होतं ते काय होतं?

“नाना,” मी म्हणालो, “कुणी हलू नका.” हलत मीच होतो.

आर्टरीचं तोंड उघडं ठेवून मी ती एकेक केस मागे घेतली. एवढं अंतर कापायला मला आयुष्यात कधी इतका वेळ लागला नसेल. ती बाहेर आल्यावर ओल्या स्वाबने पुसलं. दोरी पांढरी होती. तिला ठोका नव्हता. तिच्या पाठीवरून लाल रेघेसारखी एक अगदी बारीक रक्तवाहिनी गेली होती, तशी फक्त नसेवरच असते. तरी माझा विश्वास बसेना. नुकताच मी एका तंतूला नस म्हणून चुकलो होतो.

तेव्हा सरांचं एक वाक्य आठवलं. रस्ता चुकला तर दारावर जाऊन उभे राहा, दार बदलत नाही. मी रस्ता सोडला आणि स्वरयंत्राकडे गेलो. शिंग बोटाने चाचपलं. त्याच्या खाली पाहिलं. ती पांढरी दोरी आडवी येऊन बरोबर तिथेच, शिंगाच्या खालून, आत जात होती.

धागा मागायच्या आधीच प्रश्न आला. आवाज नेहमीचाच होता, ना कमी ना जास्त.

“दिसली का, सर?”

“दिसली,” मी म्हणालो आणि न सांगता बाजूला झालो. त्यांनी वाकून पाहिलं. मग धागा हातावर आला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती कधीच पंगतीत सांगायला सुरुवात केली असती, आणि एव्हाना नस दोन फूट लांब झाली असती. पण डावी बाजू राहिली होती.

डावीकडची नस आज्ञाधारक. खाचेत, चौकात, उंचवट्याच्या आडोशाला, सगळीकडे जिथे असायला हवी तिथे. दोन मिनिटांत दिसली. माझ्या अंगातली ताठरता गेली आणि तिच्याबरोबर शहाणपणही गेलं. मी नानांना सांगायला लागलो, “बघितलंत? अशी नस अख्ख्या खानदेशात कुणी पाहिली नसेल.” सांगत सांगतच डाव्या पाखीचं वरचं टोक घेतलं. तिथे आणखी एक नस असते, खालच्या नसेची धाकटी बहीण म्हणा. केसासारखी. ती आवाज देत नाही, पण आवाज वर चढवते. हाक, गाण्यातला वरचा सूर, सगळं तिचं. तिला वाचवायचं तर वरच्या टोकाशी आतल्या बाजूची फट उघडायची आणि रक्तवाहिन्या एकेक करून ग्रंथीला चिकटून बांधायच्या. उजवीकडे मी तसंच केलं होतं. डावीकडे बोलण्याच्या नादात तिन्ही एकत्र घेतल्या, जरा वरच, आणि एका गाठीत बांधून टाकल्या.

यमुना सिस्टरने धागा दिला. त्यांनी काही विचारलं नाही, कारण सरांच्या नियमात तो प्रश्नच नव्हता. सरांनी मास्तरांची खालची नस गमावली होती, म्हणून प्रश्न खालच्या नसेचा होता.

श्वासाची नळी काढताना नानांनी स्वरयंत्रात डोकावून पाहिलं. “आवाजाचे दोन्ही पडदे हलतात.” मी भिंतीला टेकलो. थोड्या वेळाने इंदूताईंनी डोळे उघडले. मी ओरडलो, “ताई, काहीतरी बोला!”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं, ओठ चाटले, आणि घोगऱ्या पण स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “कितला वाजनात?”

सव्वा वाजला होता. गाडी उशिरा पोहोचली होती, पण पोहोचली होती. नाना मोठ्याने हसले. मी बाहेर जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी हात जोडले आणि पहिला प्रश्न विचारला, “चहा चाली का तिले?”

कपडे बदलताना यमुना सिस्टर माझ्यासमोर येऊन थांबल्या. “सर, खोटं बाहेर बोला. आत नका.” आणि निघून गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

नंतर सीटी केला. अन्ननळीच्या मागून ती रक्तवाहिनी गेलेली दिसली, जशी ताईंनी सांगितली होती तशीच. उजव्या गाठीत कर्करोग होता, पण लहान, आणि सगळा निघाला होता.

दीड महिन्याने एका बुधवारी गाडी पारोळ्याला शिरली आणि माइकवर तोच आवाज आला. “जळगावहून आलेली धुळ्याकडे जाणारी गाडी...” मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं. “ऐकलंत? हा आवाज माझा.” त्याने पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

आणि लाइट गेली.

इंदूताई फलाटावर आल्या. तोंडाशी हात धरला. “धुळे! चला धु...” सूर वर गेला, अर्ध्यावर मोडला आणि खाली पडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मोडला. गेटाकडे निघालेली गाडी थांबली नाही. दोन बायका गाठोडी घेऊन तिच्यामागे पळाल्या.

मला क्षणात कळलं. डावीकडचं वरचं टोक, तो एकच धागा. मी खिडकीची काच ओढून घेतली आणि मान खाली घातली.

पुढच्या बुधवारी मी मोटारीने गेलो. त्याच्या पुढच्या बुधवारीही. हायवे चांगला झाला आहे, असं घरी सांगितलं.

तिसऱ्या बुधवारी गाडीने गेलो आणि पारोळ्याला उतरलो. नियंत्रकाच्या खिडकीशी उभा राहिलो. इंदूताई कागदावर गाड्यांच्या वेळा लिहीत होत्या. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केलं.

“ताई, तुमची हाक मोडते ना, ती माझ्या चुकीने. मोठी नस वाचवली आणि डावीकडे वरची छोटी बांधली गेली. मी बोलत होतो. लक्ष नव्हतं.” हे मी एका दमात म्हणालो. “व्यायाम असतात, थोडा फरक पडेल. सगळा पडेलच असं नाही.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“माले वाटनं का मनंच वय व्हयनं,” त्या म्हणाल्या. “महिनाभर घरमा कोनशी बोलनी नही. आप्पा गल्लीना तोंडले येईसन उभा ऱ्हास आते. हाक घरलगून जात नही ना.” मग पेन खाली ठेवलं. “हाई पयलेच सांगाले पाहिजे व्हतं, डॉक्टर.”

“हो.”

“मोटारवर का गयात दोन बुधवार? आमना कंडक्टरनी पाहेल शे. बायपासनी गयात.”

‘हायवे चांगला झाला आहे’ हे मी घरीच ठेवून आलो होतो.

तेवढ्यात पंखा थांबला. लाइट गेली. त्या उठल्या. “गाडीमा बसा. तुमनी सुटी ऱ्हायनी.”

मी जाऊन गाडीत शेवटच्या बाकावर बसलो. खिडकीतून पाहिलं. इंदूताई फलाटावर आल्या, पण तोंडाशी हात धरला नाही. हात नुसता वर केला आणि उभ्या राहिल्या. पहिल्यांदा शेंगावाला गप्प झाला. मग चहाच्या टपरीवाल्याने पंपाचा स्टोव्ह बारीक केला. शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, मग आमच्याही. कुणीतरी रडणाऱ्या पोराला छातीशी घेतलं. अख्खा पारोळा स्टँड, जिथे एरवी माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही, तो गप्प झाला. आणि त्या शांततेत इंदूताई, घरात बोलावं तशा, म्हणाल्या, “धुळे. फलाट दोन. बसी ल्या.”

लोक आले आणि बसले. कुणी पळालं नाही.

त्या माझ्या खिडकीशी आल्या. “डॉक्टर, तठे मांगे आयकू उनं का?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. सवयीने जिभेवर आलं होतं की धुळ्यापर्यंत ऐकू गेलं असेल, ताई.

“‘धुळे’ ऐकू आलं,” मी म्हणालो. “फलाट नीट नाही आला.”

त्यांनी मान हलवली. मागे वळून पुन्हा हात वर केला, स्टँड पुन्हा गप्प झाला, आणि त्या जरा सावकाश म्हणाल्या, “फलाट दोन.” मग माझ्याकडे पाहिलं.

“आता आलं.”

त्यांनी कंडक्टरच्या कागदावर सही केली आणि गाडी सोडली. दुसऱ्या दिवशी जळगावात मी यमुना सिस्टरला सांगितलं की आपल्या नियमात एक प्रश्न वाढवायचा आहे. त्या म्हणाल्या, “मी त्या दिवसापासूनच वाट बघत होते, सर.” आता त्या दोनदा विचारतात. खालची दिसली का, सर? वरची दिसली का, सर? आणि दोन्ही वेळा मी आधी बाजूला होतो.